दुर्बिणीला हात लावताना

आपल्या निवासी शाळेच्या विज्ञान-खोलीत एक काचेचे कपाट आहे. माजी विद्यार्थ्यांना ते आठवत असेल. २००९ हे वर्ष जगभर आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष म्हणून पाळले गेले. त्या वर्षी शाळेच्या एका हितचिंतकांनी १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण शाळेला भेट दिली. पहिल्या आठवड्यात सर्वांनी ती पाहिली, छायाचित्रे काढली, साठा-नोंदवहीत तिचा क्रमांक पडला आणि ती कपाटात गेली. मोडली तर दुसरी कोठून आणणार, या भीतीने आम्ही कपाटाला कुलूप लावले आणि काचेवर आमच्याच अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली : ‘हात लावू नये’.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. महाडच्या चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ चा सत्याग्रह आम्ही दरवर्षी शिकवीत आलो. ज्यांना पाण्याला हात लावण्याची बंदी होती त्यांच्या नातवंडांना, पणतवंडांना तो इतिहास सांगताना आमचा आवाज चढत असे. आणि त्याच इमारतीत, त्याच मुलांच्या डोळ्यांसमोर, ती तीन शब्दांची चिठ्ठी नऊ वर्षे लटकत होती. याची विसंगती आमच्या ध्यानात आली ती फार उशिरा. हा लेख त्या चुकीची कबुली म्हणून आणि त्या चुकीतून जे शिकलो ते आपणापुढे ठेवावे म्हणून लिहीत आहोत.

माघ पौर्णिमेची संध्याकाळ

३१ जानेवारी २०१८ रोजी माघ पौर्णिमा होती आणि खग्रास चंद्रग्रहणही होते. आपल्या भागात चंद्र उगवला तोच जवळजवळ पूर्ण झाकलेला. संध्याकाळी ६ वाजून २१ मिनिटांनी सुरू झालेली खग्रास स्थिती ७ वाजून ३७ मिनिटांपर्यंत टिकली. वंदना आटोपून मुले मैदानात आली. ग्रहणात खाऊ नये, गरोदर स्त्रीने बाहेर पडू नये, हे गावोगावी अजून पाळले जाते. म्हणून मुद्दाम मैदानातच चिवड्याच्या पुड्या वाटल्या. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या वेळी आम्ही लहान होतो. तेव्हा भर दिवसा दारे-खिडक्या लावून आम्हाला घरात कोंडून ठेवले होते. ती आठवण मनात होती. आपली मुले ग्रहण उघड्यावर पाहतील, तेही दुर्बिणीतून, या विचाराने ऊर भरून आला होता.

दुर्बीण बाहेर काढली. मुलांची रांग लागली. पहिल्या मुलाने नेत्रिकेला डोळा लावला, थोडा वेळ पाहिले आणि बाजूला होत संकोचाने म्हणाला, “सर, उघड्या डोळ्यानंच चांगला दिसते.”

त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही पाहिले तर तेलकट कागदातून दिवा पाहावा तसा एक तांबूस डाग दिसत होता. दुसऱ्या दिवशी नळीत बॅटरीचा उजेड टाकला. आरशावर धुळीचा थर, कडेला ओलीचे डाग, नळीच्या तोंडाशी कोळिष्टके. दोनपैकी एका नेत्रिकेच्या आत बुरशीचे पांढरे तंतू पसरले होते. ती नेत्रिका कायमचीच गेली. नऊ वर्षांत दुर्बिणीला कोणाचाही हात लागला नव्हता, तरी ती बिघडली. किंबहुना हात लागला नाही म्हणूनच बिघडली. रोज हाताळली जाणारी वस्तू कोरडी राहते, तिचा सैल स्क्रू वेळीच ध्यानात येतो. कुलपात फक्त ओल आणि अंधार वाढतो, आणि बुरशीला तेवढेच हवे असते.

दुर्बीण कोणाची?

दुर्बीण ही मोठ्या वेधशाळांची, श्रीमंतांची किंवा शास्त्रज्ञांची वस्तू आहे, असा समज आपल्या समाजात दृढ आहे. इतिहास वेगळे सांगतो. विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधील बाथ या गावी राहणारा संगीतशिक्षक होता. धातूचे आरसे तो घरीच घासून तयार करी. घासण्याचे काम तासन् तास थांबवता येत नसे, तेव्हा त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवी. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याने घरामागील बागेतून, सहा इंचांहून किंचित मोठ्या आरशाच्या स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून युरेनस हा ग्रह शोधला. आपल्या शाळेच्या दुर्बिणीचा आरसाही जवळपास तेवढाच आहे. कॅरोलाइनने पुढे स्वतः अनेक धूमकेतू शोधले.

आपल्या देशातील दोन दुर्बिणींचा इतिहास शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. ती १८८८ साली सुरू झाली. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपले पथक नेले होते. परंतु १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण दूर कोडाइकॅनालला गेली. एका माणसाच्या हातावर चाललेली संस्था त्या माणसाबरोबरच संपली.

दुसरी दुर्बीण राधागोविंद चंद्र यांची. हे बंगालमधील जेसोर येथे सरकारी खजिन्यात कारकून होते. प्रवेश परीक्षेत ते तीन वेळा नापास झाले होते. १९१२ साली त्यांनी तीन इंची दुर्बीण विकत घेतली आणि घराच्या अंगणातून, ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. या नोंदी ते अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघाकडे पाठवीत. त्यांची चिकाटी पाहून त्या संघाने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण वापरण्यास दिली. आयुष्यभरात त्यांनी सुमारे ३७ हजार नोंदी केल्या. वय झाल्यावर ती दुर्बीण त्यांनी कपाटात ठेवली नाही. ती पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे आणि नंतर तमिळनाडूतील कावलूर येथे गेली. एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली म्हणूनच तिचे आयुष्य वाढले.

महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून कार्यरत आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेत शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वहस्ते आरसे घासून दुर्बिणी बनवल्या आहेत. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची चकती खालचीवर घासत गेले की वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. मग क्रमाने बारीक पूड, शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडची झिलई, आणि त्यानंतर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा पातळ लेप. आरशाचा आकार एका मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागापर्यंत अचूक लागतो, आणि ही अचूकता माणसाचा हात गाठू शकतो. जातिव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्यांना ज्ञानापासून आणि ज्ञानाचा मक्ता असणाऱ्यांना हाताच्या कामापासून दूर ठेवले. आरसा घासणाऱ्याचे मात्र हात आणि डोके या दोहोंपैकी एकावाचून भागत नाही.

आरसा धुताना

२०१८ च्या उन्हाळ्यात नववीच्या मुलामुलींना बरोबर घेऊन आम्ही दुर्बीण उघडली. त्या वेळी शिकलेली रीत क्रमवार देत आहोत.

१. आरसा वारंवार धुऊ नये. थोडी धूळ असली तरी प्रतिमेत फरक पडत नाही. चुकीच्या पुसण्याने पडलेला ओरखडा मात्र कायमचा असतो. वर्षातून एकदा तपासावे आणि खरोखर गरज असेल तरच धुवावे.

२. आरशाची चौकट काढण्यापूर्वी नळीवर आणि चौकटीवर पेन्सिलीने समोरासमोर खुणा कराव्यात, म्हणजे ती पुन्हा तशीच बसवता येते. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे.

३. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे शिंतोडे उडतात.

४. कोमट पाण्यात सौम्य द्रवरूप साबणाचे दोन-चार थेंब टाकून आरसा काही वेळ बुडवून ठेवावा. नंतर ओला कापूस स्वतःच्या वजनानेच आरशावरून एकदा ओढावा, दाबू नये. प्रत्येक वेळी नवा बोळा घ्यावा. आपण कापसाच्या मुलखात राहतो, तरी घरचा कापूस येथे चालत नाही. त्यात सरकीचे आणि मातीचे कण असतात. औषधाच्या दुकानातील स्वच्छ कापूसच घ्यावा.

५. आपल्याकडील बोअरचे पाणी जड असते. ते वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. म्हणून शेवटचे पाणी बॅटरीवाल्याकडे मिळणारे डिस्टिल्ड वॉटर असावे. मग आरसा कडेवर उभा करून सावलीत वाळू द्यावा, पुसू नये.

सदऱ्याचे टोक, फडके, काच पुसण्याचे बाजारी द्रव, यांपैकी काहीही आरशाला किंवा भिंगाला लावू नये. हात लावावा तो चौकटीला आणि कडेला. लेपाला बोट लागू देऊ नये. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे एकदा नीट शिकवले की ‘हात लावू नये’ अशा चिठ्ठीची गरज उरत नाही. त्या उन्हाळ्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी आरसा धुतला आणि एकही ओरखडा पडला नाही.

आरशांची जुळणी

परावर्ती दुर्बिणीत प्रकाश तळाच्या अंतर्गोल आरशावरून परततो आणि नळीच्या तोंडाजवळील छोट्या तिरप्या आरशावरून बाजूच्या नेत्रिकेत येतो. हे दोन्ही आरसे एका ओळीत नसतील तर उत्तम आरसाही अंधुक चित्र देतो. नेत्रिका काढून तिच्या जागी, बरोबर मध्यभागी बारीक भोक पाडलेले प्लॅस्टिकचे झाकण बसवावे आणि त्यातून पाहावे. प्रथम छोटा आरसा असा फिरवावा की त्यात मोठा आरसा पूर्ण आणि मधोमध दिसेल. नंतर मोठ्या आरशामागील तीन स्क्रू थोडे थोडे फिरवून छोट्या आरशाचे प्रतिबिंब मध्यावर आणावे. दोघांनी मिळून हे काम करावे : एकाने पाहावे, दुसऱ्याने स्क्रू फिरवावा.

शेवटची परीक्षा ताऱ्यावर घ्यावी. ध्रुवतारा त्यासाठी सोयीचा, कारण तो दृष्टिक्षेत्रातून पळत नाही. आपल्या जिल्ह्यात तो क्षितिजापासून सुमारे साडेवीस अंशांवर, म्हणजे आपल्या अक्षांशाइतक्याच उंचीवर दिसतो. त्याची प्रतिमा थोडी अस्पष्ट केली की प्रकाशाची वर्तुळे दिसतात. ती एककेंद्री असतील तर जुळणी बरोबर. एका बाजूला झुकलेली असतील तर स्क्रूंकडे परतावे.

बैठक आणि इतर बदल

दुर्बिणीबरोबर आलेली तिपाई वाऱ्याच्या झुळकेनेही हलत असे. प्रतिमा १२० पट मोठी होते तेव्हा थरथरही तेवढ्याच पटीने मोठी होते. यावरील सोपा उपाय जॉन डॉबसन यांच्या रचनेत सापडतो. हे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील एका वेदान्त मठात साधू होते. मठात राहून ते भंगारातून दुर्बिणी बनवीत आणि शेजारपाजारच्या लोकांना आकाश दाखवीत. १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्या वर्षापासून ते सोबत्यांसह पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावू लागले. आपल्या रचनेचे स्वामित्वहक्क त्यांनी कधी घेतले नाहीत. म्हणूनच ती जगभर पसरली.

गावातील सुतारदादांनी चित्र पाहून तशी बैठक प्लायवूडमध्ये दोन दिवसांत करून दिली. खाली फिरणारी पाटी, वर दोन कुशींत नळीचे गोल कान. घासणाऱ्या जागी एका बाजूला फॉर्मायका आणि दुसऱ्या बाजूला टेफ्लॉनचे छोटे तुकडे लावले की दुर्बीण बोटाने ढकलताच सरकते आणि सोडताच थांबते. नळीच्या आतील चकाकणारा भाग मंद काळ्या रंगाने रंगवला, त्यामुळे चंद्राभोवतीची पांढुरकी झाक कमी झाली. हिवाळ्यात दव पडते म्हणून नळीच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची बाहेर आलेली कड लावली. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधला. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप तो सराव मोडते.

निरीक्षणापूर्वी पाऊण तास दुर्बीण बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा हवेइतका थंड होतो. उन्हाळ्यात सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते आणि प्रतिमा लहरते. गच्चीपेक्षा मातीचे अंगण बरे. पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेच्या तव्यावर तापवून पुन्हा निळे करावेत. महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावा. हे काम आता सातवीच्या वर्गाकडे आहे.

एक ताकीद मात्र वाकवता येणार नाही. दुर्बीण सूर्याकडे वळवून तिच्यातून कधीही पाहू नये. क्षणभरात डोळा कायमचा जातो. दिवसा दुर्बीण उघड्यावर एकटी सोडू नये.

लोणारच्या मुलीने पाहिलेला चंद्र

त्या वर्षी दिवाळीनंतर शुद्ध अष्टमीच्या सुमारास दुर्बीण पुन्हा मैदानात मांडली. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो. अष्टमीला मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खोली कळते. पंचांगातील तिथीचा खरा उपयोग हाच आहे. तिच्यात शुभाशुभ काही नाही.

लोणार तालुक्यातील एक मुलगी बराच वेळ नेत्रिकेपासून हलली नाही. मग म्हणाली, “सर, हे तं आपल्या लोणारावानीच दिसते.”

आमच्या वर्गात त्या दिवसापर्यंत कोणी याहून मोठे शास्त्रीय विधान केले नसेल. लोणारच्या सरोवराविषयी लवणासुराच्या वधाची कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. इंग्रज अधिकाऱ्यांनी १८२३ पासून त्याची नोंद घेतली आणि दीर्घकाळ अनेक भूशास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखीचे मुख मानीत राहिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तळाला छिद्रे पाडून खडक काढले गेले. प्रचंड आघाताशिवाय निर्माण होऊ शकत नाही अशी काच त्यांत सापडली आणि हे उल्काघाताचे विवर आहे हे सिद्ध झाले. ते दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात आहे. चंद्रावरचे काळसर सपाट प्रदेशही बेसाल्टचेच. म्हणून चंद्रावरील विवरांच्या अभ्यासकांना लोणार मोलाचे वाटते. कथा आधी आली, मग शास्त्रज्ञांचा एक तर्क आला, आणि पुरावा मिळताच तो तर्कही सोडून देण्यात आला. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आणि ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, हे धम्माचे आवाहन मुलांना समजावून देण्यास याहून जवळचे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

त्या रात्री फळ्यावर गणित मांडले. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. तेवढे विवर चंद्रावर असते तर ते जेमतेम एक कोनीय सेकंद, म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, एवढेच दिसले असते. आपल्या सहा इंची दुर्बिणीची मर्यादा साधारण तेवढीच. म्हणजे ज्या लोणारच्या काठावर उभे राहिले की माणूस मुंगीएवढा वाटतो, ते चंद्रावर असते तर आपल्याला कसेबसे ठिपक्याएवढे दिसले असते. आणि जे कोपर्निकस विवर त्या मुलीने पाहिले त्याचा व्यास ९३ किलोमीटर. बुलढाणा शहरापासून लोणारपर्यंतचे सरळ रेषेतील अंतर त्यात मावून वर उरेल.

घरी दुर्बीण घ्यायची असेल तर

अनेक माजी विद्यार्थी आता नोकरीला लागले आहेत आणि मुलांसाठी दुर्बीण घ्यावी का असे विचारतात. आधी १० × ५० ची द्विनेत्री घ्या. कृत्तिका, मृगातील तेजोमेघ, गुरूचे चंद्र तीतून ओळखता येतात. दुर्बीण घेताना खोक्यावरील ‘शेकडो पट’ या अक्षरांना भुलू नका. आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे वाढवलेली प्रतिमा केवळ अंधुक होत जाते. महत्त्व व्यासाला आहे. १५० मिलिमीटरचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्यापेक्षा सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. त्याचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट आणि १० मिलिमीटरची १२० पट मोठे दाखवते. आरंभाला एवढे पुरेसे आहे.

आपल्या जिल्ह्याला एक देणगीही आहे. येथील गावांत अजून अंधार शिल्लक आहे, आणि आपण बरेच दक्षिणेला आहोत. वैशाखातील चंद्र नसलेल्या रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून वीत-सव्वा वीत वर ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोलाकार गुच्छ आपल्या दुर्बिणीतून दिसतो. लंडनच्या माणसाला तो घरबसल्या कधीच दिसत नाही.

शेवटी एक विनंती

स्मरणिकेच्या निमित्ताने अनेकांनी शाळेला काही द्यावे असे मनात आणले असेल. आपली देणगी शाळेला हवीच आहे. परंतु वस्तूबरोबर वर्षातील दोन रात्रीही द्या. दिवाळी ते होळी या काळात शुद्ध सप्तमी ते दशमीच्या रात्री आम्ही मैदानात असतो. ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात अशी मुले या काळात वसतिगृहातच असतात. त्यांच्या शेजारी उभे राहून शनीची कडी पाहा, स्क्रू कसा फिरवायचा ते त्यांच्याकडून शिका, आणि जाताना तुमच्या गावातील अंगणात एक दुर्बीण मांडण्याचा विचार करा. आम्ही लवकरच निवृत्त होऊ. नेगमवालांच्या वेधशाळेचे झाले तसे आपल्या दुर्बिणीचे होऊ नये, ही आमची चिंता आहे, आणि तिचा उपाय आमच्या एकट्याच्या हातात नाही.

कपाट अजून तेथेच आहे. त्याचे कुलूप काढले आहे. काचेवर आता मुलांनी लिहिलेली चिठ्ठी आहे : ‘हात धुऊन घ्यावे. आरशाला बोट लावू नये. वापर झाल्यावर वहीत नोंद करावी.’

जय भीम. नमो बुद्धाय.